दगडोबानं धरलेला पंख

ही गोष्ट खरी आहे. पटली तर वाचा, नाही पटली तर राहू द्या. मला कुणाची शाबासकी नको.

तुम्हा लोकांना भुतासाठी अमावास्या लागते. पैंजण लागतात. पांढरी साडी लागते. इथं त्यातलं काही नाही. इथं मे महिना आहे, दुपारचा दीड आहे आणि ऊन असं, की सावलीसुद्धा पायाखाली दडून बसावी.

जागा सांगतो. परंड्याहून सोनारीकडं जाताना एक लांबलचक माळ आहे. पूर्वी मी तिथं मेंढरं चारायचो. मग शहरातल्या हौशी लोकांनी तो घेतला, धावपट्टी केली आणि उन्हाळ्यात ग्लायडर उडवायला लागले. ग्लायडर म्हणजे बिनइंजिनचं विमान. जीपला लांब दोर बांधून ते ओढायचं. वर गेलं की दोर सुटतो. पुढं तापलेली हवाच त्याला घारीसारखं वर वर नेते.

त्याची शर्यत असायची. तेर गावापर्यंत जायचं, वळायचं, परत यायचं. जो लवकर आला तो शहाणा.

मेंढरं गेली आणि मी या शहाण्यांचा गडी झालो.

काम सोपं होतं. ग्लायडरला पोटाखाली एकच चाक. उभं केलं की ते एका पंखावर कलंडतं. उडायच्या वेळी एका माणसानं पंखाचं टोक उचलून धरायचं आणि जीप निघाली की चार पावलं सोबत पळायचं. पंख वर म्हणजे तयार. पंख खाली टेकवला म्हणजे थांबा. मग आत कितीही मोठा साहेब बसलेला असो, जीप हलत नाही.

एवढं लक्षात ठेवा.

पंख धरायला आम्ही दोघं होतो. मी आणि दगडोबा. दगडोबा पंख खाली ठेवताना आधी खांद्यावरच्या पंच्याची घडी जमिनीवर टाकायचा.

"टोक घासतंय रं हरिबा."

"त्ये काय तुझं लेकरू हाय व्हय?" मी म्हणायचो.

"तुझ्या साहेबापरीस बरं हाय. वरडत तर न्हाय."

तीन वर्षांपूर्वी, शर्यतीच्या दिवशी, दगडोबा उन्हानं पडला. लिंबाखाली नेऊन निजवला. अंग तव्यासारखं. घामाचा थेंब नाही. माझी बायको बानूबाई तिथं स्वयंपाकाला होती. ती त्याच्या डोक्यावर पाणी ओतत होती आणि ओरडत होती, "जीप मोकळी करा! अवं, जीप मोकळी करा!"

माळावर गाडी एकच. तीच दोराला जोडलेली.

त्या हौशी लोकांचा म्होरक्या उत्कर्ष साहेब म्हणाला, "चार ग्लायडर उडायची आहेत. वेळ गेली की शर्यत गेली. अर्ध्या तासानं माणूस मरत नाही."

माझ्या धाकट्या पोरापेक्षा लहान हा माणूस. पण आकाशात फिरून आलेल्याला जमिनीवरचं वय कुठं दिसतं.

चारही ग्लायडर उडाली. चारही पंख मी धरले.

जीप परंड्याला पोचली तेव्हा दगडोबा गेला होता.

साहेब त्या दिवशी पहिला आला. कप घेऊन हसतानाचा त्याचा फोटो हपीसच्या भिंतीवर लागला. दुसऱ्या दिवशी दगडोबासाठी सगळे दोन मिनिटं उभे राहिले. त्यातही एकजण मोबाइल बघत होता.

आता गेल्या वर्षीचं सांगतो.

माझी नात ज्ञानेश्वरी. साठी उलटल्यावर मला अक्षरं तिनंच शिकवली. लहान होती तेव्हापासून कुंपणाला नाक लावून ग्लायडर बघायची. सतरा वर्षांची झाली तशी साहेबाला म्हणाली, "मला एकदा वर न्या." साहेब तयार झाला. मोठं मन वगैरे काही नाही. गावाकडची पोरगी मागच्या सीटवर बसली की फोटो चांगला येतो.

शर्यतीचा दिवस. तीच वेळ. वारा नाही. लिंबाचं पानही हलत नव्हतं.

ज्ञानेश्वरी मागं बसली. पट्टे आवळले. काचेतून माझ्याकडं बघून हसली.

मी पंख उचलला. दूर जीपमध्ये भीमाशंकर ड्रायव्हर माझ्या खुणेची वाट बघत होता.

आणि पंख जड झाला...

वरून कुणी तळहात ठेवावा, तसा. माझा हात हळूहळू खाली गेला. टोक मातीला टेकलं.

"काय रे हरिबा, हात थकले का?" साहेब आतून ओरडला.

मी पुन्हा उचलला.

पुन्हा जड झाला. पुन्हा खाली.

"म्हातारा झालास! जमत नसेल तर मेंढरं राख जा!"

तिसऱ्यांदा उचलला. या वेळी वजन नव्हतं. पण माझ्या बोटांशेजारी, पंखाच्या त्याच कडेवर... आणखी कुणाची तरी बोटं असल्यासारखं वाटलं. गरम. तव्यासारखी.

मी ज्ञानेश्वरीकडं बघितलं. ती अजून हसत होती.

मग मी स्वतःच पंख खाली ठेवला.

"न्हाय साहेब. पोरगी उतरू द्या. त्याबिगर म्या पंख उचलायचा न्हाय."

साहेबानं मला काय काय म्हटलं ते लिहीत नाही. नात उतरली. डोळ्यांत पाणी होतं आणि ते रागाचं होतं.

"आबा, तुमी माझं वाटोळं केलं."

"केलं म्हन. पर खाली उभी राहून म्हन."

मागची सीट रिकामी झाली. रिकाम्या सीटचे पट्टे सैल सोडत नाहीत, ते ग्लायडर वळवायच्या दांड्यात अडकतात. मी माझ्या हातानं ते बांधले. घट्ट बांधले. मग पंखाकडं वळलो.

पंख वर होता...

कुणी धरलेला नव्हता. दोन्ही पंख सरळ, तराजूच्या दांडीसारखे.

भीमाशंकरनं पंख वर बघितला आणि जीप सोडली.

साहेब वर गेला. दोर सुटला. बाकीची ग्लायडर तेरच्या दिशेनं निघाली. साहेब गेला नाही. तो लिंबाच्या बरोबर वर गोल फिरत राहिला. एक तास. दोन तास. तेरला गेलेले परत आले, उतरले, सरबत प्यायले. साहेब फिरतच होता.

भीमाशंकरनं वॉकीटॉकीवर हाक मारली. "साहेब, काय झालं? उतरा की."

खरखर...

मग साहेबाचा आवाज. सपाट. झोपेतल्यासारखा.

"जीप मोकळी करा."

"साहेब, जीप मोकळीच हाय. दोर कवाच सुटला."

"जीप मोकळी करा. अवं, जीप मोकळी करा."

चुलीपुढं बसलेल्या बानूबाईच्या हातातली भाकरी गळून पडली. साहेब पुण्याचा माणूस. जन्मात कधी 'अवं' म्हणाला नव्हता.

पाचच्या सुमारास तो उतरला. ग्लायडर धावपट्टीवर आलं, हळू झालं, थांबलं.

कलंडलं नाही.

आम्ही सगळे बघत होतो. वारा नाही, माणूस नाही, आणि एका चाकावर ते सरळ उभं. मग डावा पंख हळूच खाली यायला लागला. जमिनीपासून दोन बोटांवर थांबला... खाली कुणी काही अंथरत असावं, तेवढा वेळ. मग अलगद टेकला.

मी धावत गेलो. काच उघडली. साहेब समोर बघत होता. ओठ फुटलेले, अंग तापलेलं, कोरडं.

"हरिबा," तो म्हणाला. मान वळवली नाही. "मागं कोण आहे बघ."

मी बघितलं.

सीट रिकामी होती. पण मी बांधलेले पट्टे सुटलेले होते. सगळे. कुणी तरी नुकतंच उतरून गेल्यासारखे.

"मला दवाखान्यात ने," साहेब म्हणाला. "आत्ता."

"अर्ध्या तासानं मानूस मरत न्हाय साहेब," मी म्हणालो.

तो पुढच्या आठवड्यात ग्लायडर विकून मोकळा झाला. ऊन लागलं होतं, असं सगळ्यांना सांगतो. सांगू दे. कप जिंकतानाही त्याला तेच ऊन होतं.

आता तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्यानं साहेबाला चांगलं झाडलं. गप्प बसा. माझं अजून सांगून झालं नाही.

नातीसाठी पंख खाली ठेवायला मला एक क्षण लागला. दगडोबा लिंबाखाली तडफडत होता तेव्हाही पंख माझ्याच हातात होता. चार वेळा होता. एकदा खाली टेकवला असता तर जीप थांबली असती. बानू ओरडत होती. मला ऐकू येत होतं.

मी साहेबाच्या खुणेकडं बघत उभा राहिलो.

आता मी त्या माळावर जात नाही. हा मे लागल्यापासून दुपारी दारात बाजेवर बसतो. दीडच्या सुमाराला माझा उजवा हात आपोआप वर येतो... खांद्याइतका. बोटं मिटतात, काही तरी धरल्यासारखी.

मग तो खाली ठेवता येत नाही.

बानू दोन्ही हातांनी ओढते. काल ज्ञानेश्वरीही आली मदतीला. हात तसूभर हलला नाही. पूर्ण अर्धा तास.