व्हर्जिलचा डावा इंडिकेटर

त्या सकाळी आम्ही नेहमीसारखे पेट्रोलपंपावर जमलो. सात मोटरसायकली, सात झेंडे, आणि साठीच्या आतलं कुणीही नाही. आमचं काम साधं. सैन्यात राहून आलेला कुणी गेला, की त्याच्या दफनाला झेंडे धरून रांगेत उभं राहायचं. वाटेत दोन-दोन गाड्यांनी जाताना सगळ्यात पुढच्या जोडीतली उजवी जागा मोकळी ठेवायची. ती गेलेल्या माणसाची.

या वेळी ती जागा आमच्याच व्हर्जिल स्टॅमची होती. व्हिएतनामात दोन वर्षं ट्रक चालवून परतलेला हा माणूस कधी रस्ता चुकला नाही, पण डावा इंडिकेटर लावला की तो बंद करायचं त्याला आयुष्यात सुचलं नाही. मैलोन्मैल तो डावीकडे वळणार म्हणून जगाला सांगायचा आणि सरळ जायचा. मी सगळ्यात मागे असते. पुढचे लाल दिवे मोजत राहायचं, कुणी हरवत नाही ना बघायचं, हे माझं काम. त्यामुळे अकरा वर्षं त्या पिवळ्या उघडझापीनं माझंच डोकं उठलं.

हॉस्पिटलात शेवटच्या आठवड्यात त्यानं उशीखालून त्याच इंडिकेटरचा बल्ब काढून माझ्या हातावर ठेवला होता. म्हणाला, "घे डार्ला, सुटलीस. माझ्याबरोबर पुरून टाक." मग जरा थांबून, "आणि लॉरेनला त्या दिवशी एकटी उभी करू नका." लॉरेन त्याची बहीण, वय एक्याऐंशी, मागेपुढे कुणी नाही. मी शब्द दिला होता. बल्ब जाकिटाच्या खिशात होता.

दफन अकराला. सैन्याचे दोन जवान येणार, बिगुल वाजवणार, शवपेटीवरच्या झेंड्याची तिकोनी घडी लॉरेनच्या हातात देणार आणि पुढच्या गावच्या दफनाला निघणार. ते थांबणार नव्हते.

निघालो आणि धुकं उतरलं. नेब्रास्कातले रस्ते चौकटीच्या वहीसारखे, सगळे सरळ, सगळे सारखे. दोन्हीकडे कापलेल्या मक्याची खुंटं आणि ओल्या मातीचा वास. आमचा म्होरक्या बर्नेल क्रोगर रस्ता विचारण्यापेक्षा मेलेला बरा, अशा जातीचा. साडेदहाला एका चौकात त्यानं गाडी थांबवली.

"आपण हरवलेलो नाही," तो म्हणाला.

"मग ही पाण्याची टाकी तिसऱ्यांदा का दिसतेय?" मी विचारलं.

तो टाकीकडे असा पाहत राहिला, जणू तीच आमच्या मागे लागली होती. तिकडे लॉरेन खुर्चीत बसून फाटकाकडे बघत असणार.

सवयीनं मी दिवे मोजले. माझ्यापुढे सहा हवेत.

सात होते.

पुन्हा मोजले. सातच. मोकळ्या जागेच्या मागे आर्विन होता. तो मान न वळवता हळूच बोलला, "डार्ला... माझ्यापुढे कोण आहे?"

"कुणी नाही. ती व्हर्जिलची जागा."

"मग हा धूर कुणाचा...?"

जळक्या ऑइलचा तो वास मी ओळखत होते. व्हर्जिलची गाडी ऑइल प्यायची. मग सातव्या दिव्याशेजारी पिवळा ठिपका लुकलुकायला लागला. डावीकडे.

बर्नेलनं बाजूला पाहिलं. त्याचा चेहरा ओल्या पिठासारखा झाला, तरी तोरा गेला नाही. "त्याच्या इंडिकेटरवर कोण विश्वास ठेवणार? हा माणूस कधी वळलाय का?"

पिवळा ठिपका वळला. आणि आम्ही सातही जण त्याच्यामागे डावीकडे वळलो.

अकराला दहा कमी असताना दफनभूमीचं फाटक दिसलं. पिवळा ठिपका आत गेला आणि धुक्यात विझला. बिगुलवाला घड्याळ बघत होता. लॉरेन एकटीच बसली होती, मांडीवर पर्स घट्ट धरून. आम्ही तिच्या दोन्ही बाजूंना झेंडे घेऊन उभे राहिलो, तशी तिनं पर्स सोडली आणि माझा हात धरला. मला रडू आवरलं नाही.

"तुमच्यातला पहिला आला ना," ती नंतर म्हणाली, "त्याचा इंडिकेटर चालूच राहिला होता. अगदी आमच्या व्हर्जिलसारखा." आणि हसली. बर्नेल बूट न्याहाळत होता.

बल्ब टाकायला मी खिशात हात घातला आणि झटकन बाहेर काढला. बोट भाजलं होतं. रुमालात धरून मी तो खड्ड्यात सोडला, वर स्वतः मूठभर माती टाकली.

परतताना धुकं विरलं होतं. दिवे मोजले, बरोबर सहा. जीव भांड्यात पडला. पेट्रोलपंपावर आर्विन माझ्याकडे आला, कपाळाला आठ्या घालून.

"डार्ला, बंद कर तो डावा इंडिकेटर. दफनभूमीपासून आरशात दिसतोय तुझा."

मी बटण पाहिलं. ते बंदच होतं.