सिसेरोची लाल वही

श्रीनाथकाकांची वही तीन आठवडे सापडत नव्हती. पुण्यात वकिली केलेल्या या माणसाने मुलाकडे सिडनीला आल्यावर लॅटिन शिकून, रोमन वक्ता सिसेरोचा राज्यव्यवस्थेवरचा ग्रंथ त्या वहीत मराठीत आणला होता. पाच वर्षं लागली. आता नजर इतकी अधू झाली होती की पुन्हा लिहिणं शक्य नव्हतं.

"प्रत एकच?" कौमुदीने विचारलं. सिडनीच्या क्वेकर्स हिल उपनगरात खाजगी तपास करणारी कौमुदी मोजकेच प्रश्न विचारायची. बाकीचे सगळे तिचा सहकारी यतिन विचारायचा.

"एकच. पुण्याहून आणलेली लाल वही, हिच्या जपाच्या वहीसारखी. पेन्सिलने लिहितो. दिसत नाही म्हणून इतकं दाबून, की टोकं मोडतात."

मुलगा सलिल वेस्टमीडच्या हॉस्पिटलात शिफ्टला निघाला होता. "कचऱ्याच्या बिनमध्ये मी फक्त जुने पेपर टाकले, मेट. बाबांच्या टेबलाला हात लावायची माझी हिंमत नाही."

यतिनचा संशयित तिथेच ठरला.

काकांच्या पत्नी चित्राकाकू देवासमोर निळ्या शाईने वहीत रामनाम लिहीत होत्या. चटईवर रबराचा करडा चुरा होता.

"इथे करमतं का, काकू?" यतिनने विचारलं.

"सलिल कामावर, हे सिसेरोकडे. माझ्या वह्यासुद्धा दिवाळीतच संपल्या. पुण्याहून कुणी आलंच नाही."

यतिन बिन उपसायला निघाला. कौमुदीने त्याला थांबवलं आणि काकांना देवघरापाशी आणलं.

"काकू, वह्या दिवाळीत संपल्या, तर आजचा जप कशात लिहिताय? आणि शाईने लिहिणाऱ्याला रबर कशाला लागतं?"

काकूंनी पेन खाली ठेवलं. "दिवसभर हे त्या सिसेरोशी बोलत बसायचे. चहा ठेवला तरी मान वर नाही. रोज थोडी थोडी पानं खोडली मी."

काका काकूंच्या शेजारी चटईवर बसले. "सिसेरोचंही हेच झालं होतं. ख्रिस्ती मठातल्या साधूंनी हा ग्रंथ पुसला आणि त्याच चर्मपत्रावर स्तोत्रांवरचं भाष्य लिहिलं. भाष्यासाठी पानं जपली गेली, म्हणून खालचा सिसेरो शतकांनंतर सापडला."

"तुमचाही सापडेल. दाबून लिहिलंय ना?" कौमुदीने टॉर्च पानावर तिरका धरला. रामनामाखाली पेन्सिलचे चरे उठून दिसले.

काका वाकले, डोळे बारीक केले, आणि वही काकूंपुढे सरकवली. "मला दिसत नाही. तू वाच."

काकू अडखळत वाचू लागल्या. अर्ध्या पानावर थांबल्या.

"हे मला कधी वाचून का नाही दाखवलंत?"

आयुष्यभर कोर्टात बोललेला माणूस ऐकायला जवळ सरकला. कौमुदीने टॉर्च तिथेच ठेवला आणि यतिनला घेऊन निघाली.