दोनशे तेरावं पत्र

श्यामकांतराव पेठ्यांना त्या शनिवारी नोएडाला जायचं तसं काही अडलं नव्हतं. सुट्टीचा दिवस, जानेवारीची थंडी, आणि धुकं असं की दिल्लीतल्या सरोजिनी नगरच्या क्वार्टरमधून समोरची पाण्याची टाकीसुद्धा दिसेना. क्वार्टर अलकनंदाबाईंच्या नोकरीवर मिळालेलं. त्या मंत्रालयात, आणि श्यामकांतराव नोएडातल्या पंपाचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत.

"अहो, सोमवारी जा की. फॅक्टरी काय पळून जातेय?" बाई म्हणाल्या.

पण निखिलचा फोन आला होता. "सर, दोनशे बारा पत्रं आहेत. सोमवारी सकाळीच वाटायची आहेत. तुमचा प्रोग्राम तुमचंच ऐकतो बघा, मी बटण दाबलं की रुसतो."

असं कुणी म्हटलं की श्यामकांतराव विरघळलेच म्हणून समजा! निखिल भोयर वर्ध्याहून त्यांच्याच ऑफिसात आलेला. चार वर्षांपूर्वी आला तेव्हा त्याला कोडची एक ओळ धड लिहिता येत नव्हती. श्यामकांतरावांनी त्याला शेजारी बसवून शिकवलं, दर रविवारी घरी जेवायला घातलं. अलकनंदाबाई त्याच्या पोह्यांवर जास्तीचं खोबरं घालायच्या. पोटचा पोर असता तर याहून काय वेगळं केलं असतं?

मेट्रो रिकामी होती. फॅक्टरीच्या गेटवर चौकीदार शेकोटीपाशी बसला होता. "साबजी, आज तो छुट्टी है," तो म्हणाला, आणि किल्ली देऊन पुन्हा हात शेकायला लागला.

वर ऑफिसात भर दुपारी दिवे लावावे लागले. खिडक्यांना धुकं नुसतं चिकटून बसलं होतं. चाळीस खुर्च्या, चाळीस बंद कॉम्प्युटर, आणि कुठूनही आवाज म्हणून नाही. श्यामकांतरावांनी मफलर न काढताच मशीन सुरू केलं.

आता हा प्रोग्राम काय होता, ते सांगायला हवं. दहा वर्षांपूर्वी त्यांनीच लिहिलेला. ॲक्सेस नावाच्या डेटाबेसमध्ये कर्मचाऱ्यांची यादी. बटण दाबलं की कोड वर्डला हाक मारायचा. वर्ड उघडायचं, पण पडद्यावर दिसायचं नाही, मागच्या मागे काम करायचं. पत्राचा कोरा नमुना घ्यायचं, त्यात नाव, हुद्दा, तारीख भरायचं, जपून ठेवायचं, पुढचं पत्र घ्यायचं. बघणाऱ्याला समोर नुसता आकडा पळताना दिसायचा. माणसाला दोन दिवस लागायचे, ते काम चहा थंड व्हायच्या आत.

निखिलनं पाठवलेली यादी त्यांनी भरली. तपासली नाही. निखिलची यादी काय तपासायची! बटण दाबलं. आकडा पळाला. एकशे नव्वद… दोनशे दहा… दोनशे बारा. आणि मग थांबायच्या ऐवजी, बराच वेळ घेऊन, दोनशे तेरा.

श्यामकांतराव चरकले नाहीत. मोजणीत एकाची चूक कुठल्या प्रोग्रामरकडून होत नाही? त्यांनी शेवटचं पत्र उघडलं.

बाकीची पत्रं नव्या वर्षाच्या फेरनेमणुकीची होती. हे तसं नव्हतं. 'श्री. श्यामकांत पेठे, कंपनीला आपल्या सेवेची यापुढे आवश्यकता नाही. सोमवारी दुपारपर्यंत ओळखपत्र जमा करावे.' सरळ, दोन ओळींचं पत्र.

त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. मग यादी उघडून वरपासून खालपर्यंत पाहिली. दोनशे बारा नावं होती, आणि त्यात पेठे नव्हते. कंपनीत माणसं दोनशे तेरा. आपलं नाव गाळलेली यादी घेऊन, इतक्या थंडीत, आपणच बटण दाबायला आलो होतो.

त्यांनी निखिलला फोन लावला.

"निखिल, मला काढताय?"



"सर… तुम्हाला कुणी सांगितलं? पत्राचा ड्राफ्टपण अजून केला नाही. सोमवारी मॅनेजरसाहेब…"

"नाव कुणी सुचवलं?"

"वरून ऑर्डर होती, सर."

"निखिल, माझ्या घरी जेवलास रे तू!"

"सर, प्लीज… वरून ऑर्डर होती." आणि फोन बंद.

ज्याला बोट धरून चालायला शिकवावं, त्यानंच पायात पाय घालावा! श्यामकांतरावांना रडू फुटलं. अठ्ठावन्नाव्या वर्षी, रिकाम्या ऑफिसात, मफलर तोंडावर धरून ते ढसाढसा रडले. दीड वर्षानं सन्मानानं निवृत्त व्हायचं, एवढंच त्यांचं मागणं होतं.

रडं ओसरल्यावर एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. ड्राफ्ट अजून केला नाही, निखिल म्हणाला. मग हे पत्र लिहिलं कुणी?

त्यांनी पुन्हा पडद्याकडे पाहिलं. पत्राच्या तळाशी डाव्या कोपऱ्यात बारीक अक्षरं होती. आधी एस पी, मग तिरकी रेघ, मग लहान लिपीत आय के. ती पद्धत आता कुणाला ठाऊक नाही. टायपिस्ट लोक पत्राखाली आधी मजकूर सांगणाऱ्याची आद्याक्षरं घालत आणि मग आपली. कोऱ्या नमुन्यात ती अक्षरं नव्हती. यादीत नव्हती. कोडमध्ये तर नव्हतीच.

एस पी म्हणजे आपणच, श्यामकांत पेठे. आणि आय के. इंदुमती कान्हेरे.

इंदुताई या ऑफिसात बावीस वर्षं पत्रं टाइप करत होत्या. प्रोग्राम करायला घेतला तेव्हा श्यामकांतरावांनीच त्यांच्याकडून सगळे नमुने मागून घेतले. "यानं तुमचं काम हलकं होईल, ताई," असं सांगितलं, आणि त्या बिचारीनं एकेक फाइल काढून समजावून दिली. प्रोग्राम तयार झाला, आणि त्यातून निघालेलं पहिलं पत्र इंदुताईंना काढून टाकल्याचं होतं. "वरून ऑर्डर होती, ताई," श्यामकांतराव म्हणाले होते. घरी अलकनंदाबाईंनाही त्यांनी तेच सांगितलं. इंदुताईंनी मात्र घरी सांगितलंच नाही. रोज डबा घेऊन निघायच्या आणि दिवसभर मेट्रो स्टेशनच्या बाकावर बसून राहायच्या. सात महिन्यांनी त्या बाकावरच गेल्या.

खोलीत व्हाइटनरचा वास येत होता. या ऑफिसात व्हाइटनरची बाटली येऊन किती वर्षं झाली असतील!

श्यामकांतरावांनी कोड उघडला आणि वर्ड लपवून ठेवणारी ओळ बदलली. आता जे काय चालेल ते डोळ्यांसमोर चालेल. बटण दाबलं. दोनशे बारा पत्रं डोळ्यांसमोरून भराभर गेली. कोड अक्षरं टाइप करत नाही, अख्खा मजकूर एकदम आणून टाकतो. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच पान भरलेलं.

मग एक कोरं पान उघडलं. त्यावर एक अक्षर उमटलं… थांबलं… दुसरं उमटलं… माणूस टाइप करतो तशा गतीनं. 'पेठे' लिहिताना एक अक्षर चुकलं. ते मागे जाऊन खोडलं गेलं, आणि पुन्हा नीट लिहिलं गेलं.

कीबोर्डवर कुणाचेही हात नव्हते.

"इंदुताई…" श्यामकांतराव कुजबुजले. "ताई, मला आधी सांगायला आलात का?"

टाइप होणं थांबलं. बारीक काळी रेघ लुकलुकत राहिली. त्यांना क्षणभर बरंसुद्धा वाटलं, हो! निदान एका जिवाला आपली कणव आली. त्यांनी मनाशी ठरवलं, घरी काही सांगायचं नाही. सोमवारी डबा घ्यायचा आणि रोजच्यासारखं निघायचं. पुढचं पुढे.

तेवढ्यात फोन वाजला. अलकनंदाबाईंचा होता.

"अहो, तुमच्या ऑफिसातल्या एक बाई आल्यात घरी. नाव विचारलं तर नुसत्या हसतात. मला एक कागद दिलाय त्यांनी."

"अगं, तो वाचू नकोस! नोकरीचं काय ते मी आल्यावर सांगतो."

"नोकरीचं? नाही हो, हा जुना आहे, दहा वर्षांपूर्वीचा." बाई वाचून दाखवायला लागल्या. "तुम्ही मॅनेजरना लिहिलंय. 'टायपिस्टची जागा आता अनावश्यक आहे. श्रीमती कान्हेरे यांना कमी करावे, ही माझी सूचना.' खाली तुमची सही आहे."

श्यामकांतरावांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"वरून ऑर्डर होती म्हणाला होतात ना मला? मी त्या बाईसाठी दोन दिवस जेवले नव्हते हो. आणि तुम्ही समोर बसून मला समजावत होतात! दहा वर्षं मी कुणाबरोबर राहिले?"

"अलका, ऐक… त्या बाई गेल्या का?"

"नाही. तुमच्या खुर्चीत बसल्यात, घरच्या कॉम्प्युटरपुढे." अलकनंदाबाई थोडं थांबल्या, जणू कुणाचं तरी ऐकून घेतलं. "विचारतायत, पुढचं पत्र कुणाच्या नावानं टाइप करायचं?"

पडद्यावर नवं कोरं पान उघडलं होतं. वर 'श्री.' एवढंच लिहिलेलं, आणि त्यापुढे ती काळी रेघ लुकलुकत वाट बघत होती.

श्यामकांतरावांनी ओठ घट्ट मिटून घेतले होते. एक अक्षर त्यांनी उच्चारलं नाही, देवाशपथ नाही.

"बरं," फोनवर अलकनंदाबाई म्हणाल्या, "सांगते त्यांना. निखिल भोयर. तुम्ही म्हणालात तसंच."