एकतिसावा संदर्भ

"तिसऱ्यांदा परत आलाय हो!"

वसईतल्या पापडीत स्टॅनी अंकलचं झेरॉक्स-बाइंडिंगचं दुकान आहे. छत्री मिटत आत शिरलेल्या त्या मुलानं काउंटरवर लॅपटॉप जवळजवळ आपटलाच. आतल्या टेबलाशी बसलेल्या रोवेनानं मान वर केली. ऑगस्टचा पाऊस त्याच्या भुवयांवरून टपकत होता, आणि त्याला त्याचं भानही नव्हतं.

"काय परत आलाय?"

"माझा शोधनिबंध. आतलं एक अक्षर वाचलं नाही त्यांनी. म्हणे, संदर्भ नियमाप्रमाणे नाहीत. स्वल्पविराम चुकले म्हणून परत पाठवतात का कुणी?"

"पाठवतात," रोवेना शांतपणे म्हणाली. "दाखवा."

रोवेना भुईगावची. रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाली, पीएच.डी.ला नाव घातलं, आणि पप्पांच्या आजारपणात ते सगळं राहून गेलं. आता ती दुसऱ्यांच्या निबंधांचे संदर्भ लावून द्यायची. लेखकाचं आडनाव आधी की नाव, वर्ष कंसात की शेवटी, जर्नलचं नाव तिरपं की सरळ... प्रत्येक जर्नलची तऱ्हा निराळी, आणि तिला त्या सगळ्या पाठ होत्या.

"चौऱ्याऐंशी संदर्भ, आणि चौऱ्याऐंशी पद्धती," तिला हसू आवरेना. "हे एकाच माणसानं लिहिलंय?"

"एकाच. पण मूड वेगवेगळे होते."

त्याचं नाव चिराग. जूचंद्रचा. खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत तगून राहणाऱ्या भातावर त्याचं काम होतं. तासाभराचं काम समजून आलेला तो दिवे लागेपर्यंत तिच्या शेजारी स्टुलावर बसून राहिला.

"सहाहून जास्त लेखक असले, की पहिल्या तिघांची नावं द्यायची. पुढे नुसतं 'आणि इतर'," ती म्हणाली.

"बिचारे इतर!"

"नियम आहे."

"तुम्ही सगळे नियम पाळता?"

"सगळे," ती म्हणाली, आणि का कुणास ठाऊक, स्क्रीनकडेच बघत राहिली.

मग काम घरूनच चालू झालं. एकाच फाइलमध्ये दोघं. ती कडेला टिपण टाकायची, 'पान क्रमांक कुठे आहेत?' तिकडून उत्तर यायचं, 'शोधतोय. तुम्ही जेवलात का?' संदर्भ चाळिसाव्यापर्यंत आले, आणि एका दुपारी तिच्या टिपणाखाली ओळ उमटली — 'रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर मोकळी आहेस?'

तुम्हीचं तू कधी झालं, ते तिला कळलंच नाही. तिनं लिहिलं, 'तपासून सांगते.' ते खोडलं. मग नुसतं लिहिलं, 'हो.'

त्या रविवारी तो तिला जूचंद्रला घेऊन गेला. बांधावरून चालताना तिची चप्पल चिखलात रुतली, त्यानं हात पुढे केला, आणि चप्पल निघाली तरी हात काही सुटला नाही. भात फुलोऱ्यावर आला होता. खाडीवरून येणारा वारा ओठांवर खारट लागत होता.

चिरागच्या आईनं, कमळीबाईंनी, पडवीत तिच्यासमोर तांब्या ठेवला. "बस गो बाय, पानी घे. याच्या भातापायी सगळीच येडी. ती भोईरांची संजना नव्हती का? दोन वर्सां उभी व्हती या चिखलान. लोंब्या मोजून मोजून पोरीची पाठ मोडली."

"एकतिसावा संदर्भ!" रोवेनाला एकदम आठवलं. 'भोईर, संजना. अप्रकाशित प्रबंध.' चिरागच्या निबंधातला मुख्य तक्ता तिथूनच आलेला होता. यादीतल्या नावाला पाठ असते, चिखल असतो, याचं तिला उगाचच बरं वाटलं. चिराग मात्र उठून बांधाकडे निघाला.

दिवाळी झाली, आणि यादी पूर्ण होत आली. चिराग दुकानात आला तेव्हा स्टूल ओढून न घेता उभाच राहिला.

"एक काम कर ना... एकतीस काढून टाक."

"तो कसा काढणार? तक्ता तिचा आहे."

"माझे गाइड सर म्हणाले, अप्रकाशित काम दाखवलं की निबंध हलका पडतो. जर्मनीत संशोधनाची जागा मिळणं या एका निबंधावर आहे, रोवेना."

"मग तिचं नाव लेखकांत घाल."

"मग माझं काय उरलं त्यात?" तो पटकन म्हणाला. मग आवाज खाली आला. "संजनाचं लग्न झालंय. तिनं संशोधन सोडलंय, तिला काय फरक पडणार? आणि हे मी एकट्यासाठी करतोय का? तुझ्या घरी चर्च, माझ्या घरी भावकी. इथे राहून आपलं काही होणार नाही. तिकडे गेलो, की तुला घेऊन जाता येईल."

'घेऊन जाता येईल.' इतके महिने ज्याची वाट पाहिली, ते त्यानं असं सांगावं!

"हे बरोबर नाही, चिराग," ती म्हणाली. आणि एवढं म्हणूनही तिनं एकतीसवर बोट ठेवलं. एक कळ दाबली. बत्तिसाचा एकतीस झाला, तेहतिसाचा बत्तीस, शेवटापर्यंत सगळे आकडे आपोआप सरकले. कुणी गेल्याची खूणही उरली नाही. चिरागनं तिच्या केसांवरून हात फिरवला. त्या स्पर्शानं ती पहिल्यांदाच मोहरली नाही.

निबंध स्वीकारला गेला. नाताळात चिरागनं तिला कळंबच्या किनाऱ्यावर अंगठीचा फोटो दाखवला. ती हसली. हसताना आतून काहीतरी टोचत राहिलं.

जानेवारीत एक सावळी, काटक मुलगी दुकानात आली. हातात प्रबंधाची जाड प्रत.

"मला परत शिकायचंय. पीएच.डी.चा अर्ज भरायचाय, यादी नीट लावून द्याल? मी संजना. संजना भोईर."

रोवेनाच्या हातातला माउस थांबला.

"माझं एकच काम छापून येतंय," संजना भरभरून सांगत होती. "आमच्या गावचा चिराग आहे, त्याच्या निबंधात. नाव टाकतो म्हणालाय. तेवढं अर्जात लिहिता येईल ना? बाकी माझ्याकडे दाखवायला काहीच नाही हो."

रोवेनानं क्षणभर डोळे मिटले. मग फाइल उघडली आणि स्क्रीन तिच्याकडे वळवली.

"तुमचं नाव यात नाही. होतं. मी काढलं... माझ्या हातानं."

संजनानं यादी दोनदा वाचली. रडली नाही की ओरडली नाही. "तक्ता तर तोच आहे," एवढंच म्हणाली. रोवेनाला ते ऐकवेना.

त्याच दुपारी दोघींनी मिळून संपादकांना पत्र लिहिलं. सोबत प्रबंध जोडला, पहिला मसुदा जोडला. आणि मग रोवेनानं चिरागला फोन केला.

"आधी मला सांगायचंस!" तो ओरडला.

"सांगितलं होतं. काढण्याआधी. पण काढायला नको होता, चिराग. तुझ्यावर जीव होता म्हणून काढला, आणि तेव्हापासून तुझ्याकडे नीट बघता येत नाही."

छपाई थांबली. महिनाभर पत्रं गेली-आली. शेवटी ठरलं, पहिलं नाव संजनाचं, दुसरं चिरागचं. तोवर जर्मनीतली ती जागा दुसऱ्या कुणाला गेली होती.

सुधारलेली प्रत पाठवायची होती, आणि त्या जर्नलचे नियम रोवेनाखेरीज कुणाला येत नव्हते. फेब्रुवारीतल्या एका दुपारी चिराग आला. दाढी वाढलेली. त्याच स्टुलावर बसला. तिनं वर्षं तपासली, पानं तपासली. तो विचारेल तेवढ्याचं उत्तर दिलं. त्याचा खांदा वीतभर अंतरावर होता, आणि तिला त्याच्या शर्टाचा ओळखीचा वास येत होता.

"घरी बोलणार होतो मी," तो स्क्रीनकडे बघतच म्हणाला. "निबंध छापून आला, की त्याच रविवारी."

तिनं फाइल जतन केली.

"झालं?"

"झालं."

तो उठला. लॅपटॉप पिशवीत घातला. दारापाशी क्षणभर घुटमळला.

"जातो," तो म्हणाला.

वसईतलं कुठलंही घर घ्या, निघताना कुणी 'जातो' म्हणत नाही. चुकून म्हटलंच, तर मागून हाक येते, असं म्हणू नये, येतो म्हण. तो त्या हाकेसाठीच थांबलाय, हे रोवेनाला कळत होतं.

तिनं मान खाली घातली, आणि संजनाचा अर्ज उघडला.