समुद्राकडे तोंड करून मारलेली हाक

दार ओढून घ्या जरा. आणि ते दणदणणारं गाणं बंद करा, कानठळ्या बसल्या. उद्यापासून तुम्हा दोघांना भुलभुलैयावर घालणार आहेत असं कळलं, म्हणून सांगतो. भुताखेतांचं मला काही कळत नाही. पण डॅरेन ॲट्रिल माझ्या बायकोचा सख्खा भाऊ, आणि थाप मारायला जी अक्कल लागते ती देवाने त्याला दिलेली नाही.

मागल्या ऑक्टोबरातली गोष्ट. शाळांना आठवड्याची सुट्टी, आणि हिवाळ्यासाठी घड्याळं तासभर मागे करायच्या रविवारच्या आधीचा गुरुवार. आपल्या या खेळांच्या बागेत पोरांची ही गर्दी! डायनासोरपाशी रांग, झुलत्या जहाजापाशी रांग, आइस्क्रीमपाशी तर विचारूच नका. डॅरेनची बायको केरी फेरीबोटीवर कामाला. तिची संध्याकाळची पाळी होती, म्हणून सात वर्षांच्या लेकीला, लॉटीला, तो कामावरच, इथे भुलभुलैयावर, घेऊन आला. पोरगी बापाच्या वरताण. पलीकडून, इंग्लंडातून आपल्या बेटावर आलेल्या पाहुण्यांना तोंडावर ‘ओव्हरनर’, म्हणजे उपरे, म्हणायची आणि वर जीभ काढून दाखवायची. केरीने निघताना नवऱ्याला एकच गोष्ट बजावली होती, की कड्याच्या बाजूला हिला एकटी सोडू नकोस.

आपला कडा तुम्ही पाहताच आहात. दर हिवाळ्यात थोडा थोडा समुद्रात जातो आणि आपण खेळणी उचलून मागे सरकवत बसतो. भुलभुलैयाची अर्धी बाजू अशीच एका वादळात खाली गेली. उरलेल्या अर्ध्याला कुंपण घातलं. आतल्या झुडपांमधल्या वाटा आता कुंपणापाशी येऊन संपतात. पूर्वी त्या पुढे जायच्या.

बाग बंद करताना भुलभुलैयाच्या मधल्या लाकडी मचाणावर चढून, आत कुणी राहिलं असेल तर बाहेर या, अशी शेवटची हाक द्यायची, एवढं तुम्हाला सांगितलंच असेल. ती हाक जमिनीकडे तोंड करून द्यायची, समुद्राकडे पाठ. आणि नाव कुणाचं घ्यायचं नाही. पोर हरवलं तरी ‘लाल टोपीवाल्या बाळा, दाराकडे ये’ असंच म्हणायचं. का, ते विचारू नका. मला ज्याने शिकवलं त्यानेही विचारू दिलं नव्हतं.

त्या दिवशी अंधार पडायला आणि समुद्रावरून धुकं चढायला एकच गाठ पडली. माणसं पांगली होती. डॅरेनने लॉटीला तिकिटाच्या खिडकीत बसवलं, व्हिनेगर शिंपडलेल्या, तळलेल्या बटाट्याच्या चिप्सचा पुडा हातात दिला, इथून हललीस तर बघ असा दम भरला आणि आतले दिवे मालवायला गेला.

परत आला तर पुडा जागेवर. चिप्स अजून गरम. लॉटी नाही.

आधी तो चिडला. लपली असेल, दुसरं येतं काय हिला. टेबलाखाली पाहिलं, संडासात पाहिलं, चहाच्या टपरीमागे पाहिलं. मग कडा आठवला. केरीला तोंड कसं दाखवू, एवढंच डोक्यात. एवढ्या वर्षांची शिकवण कुठल्या कुठे गेली. धावत मचाणावर चढला, थेट समुद्राकडे वळला, आणि गळा फाटेस्तोवर ओरडला.

“लॉटी!”

काही नाही. खाली लाटा.

मग...

“बाबा?”

साद समोरून आली. कुंपणाच्या पलीकडून.

डॅरेन खाली उतरला नाही, कोसळलाच. गुडघा फुटला. वाट, वळण, पुन्हा वाट. कुंपण. पलीकडे नुसतं पांढरं.

“लॉटी, हलू नकोस. मी येतोय.”

“वाट सापडत नाहीये, बाबा.”

आवाज तिचाच. पुढचा दात पडल्यापासून ती जशी बोबडं बोलायची, तसाच. फक्त... खालून येत होता. त्याने एक पाय कुंपणावरून टाकला. तिकडे जमीन नाही हे त्याला ठाऊक होतं. तुम्हाला-मला ठाऊक आहे तेवढंच ठाऊक होतं. तरी त्याने दुसरा पाय उचलला.

कुणीतरी मागून जाकीट ओढलं.

लॉटी. ओठांना मीठ लागलेलं.

“कुणाला हाक मारतोयस, बाबा?”

त्याने तिला उचलून छातीशी धरलं. रडला चक्क, मला स्वतः सांगितलं त्याने. कुठे होतीस विचारलं तर म्हणे, इथेच तर होते. तिला कडेवर घेऊन तो वळला. चार पावलं टाकली असतील.

मागून...

“बाबा, ती मी नाही.”

डॅरेन थांबला.

धुकं. मान वळवावी की नाही... नाहीच वळवली त्याने. हातात होती तिला घट्ट धरलं आणि गाडीपर्यंत पळत सुटला. मागून आणखी एकदा आलं, “बाबा...” आणि मग नुसत्या लाटा.

घरी सगळं नेहमीसारखं. लॉटी पोटभर जेवली, आई कामावरून आल्यावर तिच्या कुशीत शिरली, झोपली. केरीला त्याने काहीच सांगितलं नाही. वारा असेल, प्रतिध्वनी असेल, असं स्वतःची समजूत घालत रात्रभर तिच्या उशाशी बसून राहिला.

सकाळी केरीने दाराशी पडलेले पोरीचे बूट उचलले आणि त्याला बोलावलं. हिला खाली कशाला नेलं होतंस, म्हणाली.

बूट निळ्या चिखलाने भरले होते. ओल्या. आपल्याकडे वर सगळी तांबूस माती. तो निळा, चिकट चिखल फक्त कड्याच्या पायथ्याशी असतो, आणि तिथे उतरायचा जिना मी तुमच्या वयाचा होतो तेव्हाच समुद्रात गेलाय.

आतल्या खोलीत लॉटी जागी झाली होती. बाबा, बाबा, म्हणून बोलावत होती.

डॅरेन बूट हातात धरून उभाच राहिला.