साच्यात न बसलेला उतार

पेशींच्या नोंदी त्याच होत्या आणि उत्तरं दोन. एक प्रोग्राम म्हणत होता, औषधामुळे पेशींमधले 'शांत राहा' असे निरोप वाढले. दुसरा म्हणत होता, ते निम्म्यावर आले. औषधावर पुढे काम करायचं की ते सोडून द्यायचं, हे संध्याकाळच्या बैठकीत ठरणार होतं.

अकरा वर्षांची शाल्मली खिडकीपासून दारापर्यंत येरझारा घालत होती. पेशी तिच्याच होत्या. तिला फिट्स येत, म्हणजे मेंदूतल्या पेशी एकदम भडकत. तिच्या कातडीच्या कणापासून ओवीआत्याने आंबोलीच्या प्रयोगशाळेत चेतापेशी (मेंदूत निरोप वाहणाऱ्या पेशी) वाढवल्या होत्या.

"पहिला प्रोग्राम घे ना, आत्या."

"उत्तर आवडलं म्हणून?"

"हो."

"मोजणेकाका, ऐकलंत?"

"ऐकलं. असलं कारण मी नोंदवत नाही," टेबलाशी बसवलेला रोबो म्हणाला. दिवसभर मोजतो म्हणून सगळ्यांनी त्याला हे आडनाव दिलं होतं.

आत्याने शाल्मलीला पडद्यासमोर ओढलं. एक रेष थरथरत पुढे सरकत होती.

"दोन पेशींच्या मध्ये बारीक फट असते, चेतासंधी. कोणी काही सांगितलं नाही तरी तिथे अधूनमधून रसायनाची एखादी पुडी फुटते आणि पलीकडच्या पेशीत इवलासा प्रवाह उठतो. आकार बघ. कोकणातून घाट चढल्यासारखा आहे. आधी उभा कडा, मग देशावरचा लांब उतार. बाकीची थरथर म्हणजे गोंगाट (यंत्रांचा, विजेचा). त्यातून हे घाट वेचायचे, एवढंच प्रोग्रामचं काम."

पहिल्या प्रोग्रामचं नाव 'उंबरठा'. ठरलेली उंची ओलांडली की तो मोजायचा. दुसऱ्याचं 'साचा'. तो आकार जुळला तरच मोजायचा.

"मग खरं कोण बोलतंय?"

"परीक्षा घेऊ. नुसत्या गोंगाटात आपणच खोटे निरोप पेरायचे. किती पेरले ते आपल्याला ठाऊक असतं. कोण किती शोधतो आणि न पेरलेलं कोण दाखवतो, ते बघायचं."

उंबरठ्याने पेरलेलं सगळं शोधलं, पण न पेरलेलंही ढीगभर दाखवलं. शेजारच्या खोलीतल्या फ्रीजची मोटर सुरू झाली, की तिचा झटकाही तो निरोप म्हणून मोजत होता, आणि औषधानंतरच्या नोंदीत ती मोटर जास्त वेळा सुरू झाली होती. साचा मात्र कुठेच चुकला नाही.

"साचा खरा. म्हणजे निरोप निम्म्यावर आले," आत्या हळू आवाजात म्हणाली आणि अहवाल लिहायला बसली. शाल्मली नखं कुरतडू लागली. मध्येच ती थांबली.

"खोटे निरोप कशावरून बनवलेस?"

"औषध देण्याआधीच्या निरोपांवरून."

"आणि साचा?"

"तोही त्याच..." आत्याची बोटं कळफलकावर थांबली.

"म्हणजे साच्यातून काढलेला मोदक त्याच साच्यात बसतो का, हे बघितलंस. बसणारच. औषधाने आकारच बदलला असेल तर?"

"हे मला कोणी विचारलं नव्हतं," मोजणेकाका म्हणाले.

"तुम्हाला सुचलंही नव्हतं, काका," शाल्मली म्हणाली.

आत्याने या वेळी आखूड आणि लांब, सगळ्या तऱ्हेचे उतार पेरले. लांब उताराचे निरोप साच्याने सरळ सोडून दिले. मग तिने साच्याचा उतार सैल केला आणि पुन्हा परीक्षा घेतली. आता लांब उतारही सापडले, आणि फ्रीजचा झटका तरीही बाहेरच राहिला.

मूळ नोंदी मोजताना तिने त्यांची नावं झाकली. औषधाची नोंद कोणती, हे मोजून होईपर्यंत कोणालाच कळणार नव्हतं.

"उघड ना."

"सगळं मोजून झाल्यावर."

शेवटी नावं उघडली. निरोप वाढलेही नव्हते आणि घटलेही नव्हते. शाल्मलीचा चेहरा उतरला.

"संख्या सोड. उतार बघ," आत्या म्हणाली. "औषधानंतर प्रत्येक निरोप जवळजवळ दुप्पट वेळ टिकतोय. 'शांत राहा' तितक्याच वेळा म्हटलं जातंय, पण दर वेळी जास्त वेळ."

"म्हणजे औषध काम करतं?"

"बशीतल्या पेशींमध्ये करतं. तुझ्या डोक्यात करेल का, ते अजून कोणाला माहीत नाही. पण आज ते सोडून द्यायचं कारण उरलं नाही."

"अहवालात पहिली चूकही लिहिणार?"

"लिहायलाच हवी. नाहीतर दुसरं कोणी तीच करेल."

बैठकीचं बोलावणं आलं. आत्या दारापर्यंत पोचली, तेवढ्यात शाल्मलीने विचारलं, "आपल्याला सुचलाच नाही असा एखादा आकार असेल का?"

आत्या क्षणभर उंबरठ्यातच थांबली. "असेल. मी येईपर्यंत तुम्ही दोघं जमतील तेवढे वाकडेतिकडे निरोप पेरून ठेवा."