एक नंबरचा सिलिंडर

"रविवारी माझा साखरपुडा आहे आणि मला तो मोडायचाय," वरदा म्हणाली. "पण आधी मला प्रूफ हवंय."

अंबरीशचा चहाचा कप हातातच राहिला. लंडनमधल्या हाउन्सलोच्या या छोट्या ऑफिसात पळालेले भाडेकरू शोधायला घरमालक येत, नवऱ्यावर नजर ठेवायला बायका येत. साखरपुडा मोडायला पुरावा मागणारी नवरी मुलगी त्याने पहिल्यांदाच पाहिली.

धम्मशीला मात्र शांत होती. इन्शुरन्सचे खोटे क्लेम पकडण्यात तिने अर्धं आयुष्य घालवलं होतं, आणि आता ती स्वतःची डिटेक्टिव्ह एजन्सी चालवत होती. अंबरीश तिचा मदतनीस. गाडी चालवायची, फोटो काढायचे आणि काही कळत नसलं तरी मान डोलवायची, हे त्याचं काम.

"भानगड कसली? मुलगी?" तिने विचारलं.

"गाडी!"

वरदा बेसिंगस्टोकला डिस्ट्रिक्ट नर्स होती. घरोघर जाऊन पेशंट बघायची. होणाऱ्या नवऱ्याने, नकुलने, आपली जुनी गाडी तिला विकली होती. थंडी सुरू झाल्यापासून सकाळी चावी फिरवली की इंजिन आचके देत होतं.

"मिसफायर. दर वेळी इंजिनाच्या एक नंबरच्या सिलिंडरातच ठिणगी पडत नाही. कॉइल बदलली, प्लग बदलले, तरी सेम. आणि गॅरेजला पोचेपर्यंत शहाण्यासारखी चालते! नकुल म्हणतो, माझ्याकडे असताना असं कधीच नव्हतं. म्हणजे मी खोटारडी? ज्याने असली गाडी माझ्या गळ्यात मारली, त्याच्याच गळ्यात हार घालू?" तिचे डोळे भरून आले. "आई असती तर तिला विचारलं असतं."

"सगळीकडेच होतं असं?"

"घरून निघताना जवळजवळ रोज. मागच्या महिन्यात ट्रेनिंगला कॉव्हेंट्रीला होते, गाडी घेऊन. तिथे आठवडाभर एकदाही नाही."

"आणखी काही विचित्र?"

"हीटर लावला की आंबूस वास येतो. नकुलच्या भाच्याने कधीतरी उलटी केली असणार. तेही लपवलं त्याने."

धम्मशीलाने कोट उचलला. अंबरीश गोंधळला. बाईसाहेबांना स्पार्क प्लग कुठे असतो हे तरी ठाऊक होतं का?

बेसिंगस्टोकला ते आधी हरीशच्या गॅरेजमध्ये गेले. हरीश इथेच जन्मलेला, हातभर ग्रीस आणि मोडकं मराठी.

"ताई, मी तीनदा बघितला. कॉइल नवीन, प्लग नवीन, वायर ओके. तरी तोच सिलिंडर! फक्त प्लगच्या खड्ड्यात थोडी ब्राउन पपडी होती. मी साफ केला. परत आली."

"तेल?"

"नाही. तेल चिकट असते. ही तर कोरडी."

बाहेर येताच अंबरीश कुजबुजला, "हाच तो. मुद्दाम अर्धवट काम करून गिऱ्हाईक टिकवतोय."

"मग कॉव्हेंट्रीत गाडी बरी का झाली?" धम्मशीला म्हणाली, आणि अंबरीशचा पहिला संशयित हातचा गेला.

दुसरा नकुल. तो फ्लॅटच्या दारातच उभा राहिला, दाढी वाढलेली, चेहरा उतरलेला.

"ताई, मी काहीही लपवलं नाही. ती गाडीला अजून 'तुझी गाडी' म्हणते. जणू मीच चोरून येऊन इंजिन बिघडवतो."

"दुसरी चावी कुठे आहे?"

"माझ्याकडेच. द्यायची राहून गेली." त्याने ती खुंटीवरून काढून दिली. चावीवर धूळ बसली होती.

अंबरीशला मात्र धूळ दिसलीच नाही. "चावी! येतो, इंजिन बिघडवतो, मग ही बिचारी लिफ्टसाठी त्यालाच फोन करते. प्रेमात माणूस काय वाट्टेल ते करतो."

"तुझं लग्न कसं जमलं होतं रे?" धम्मशीलाने विचारलं. अंबरीशने घाईघाईने गाडी सुरू केली.

वरदाच्या घरासमोर उतार होता आणि गाडी एका अंगावर कलून उभी होती. घरात शिरल्यावर अंबरीशने कोट काढला आणि लगेच पुन्हा घातला. बाहेर बरं होतं.

"हीटिंग मी टायमरवर टाकलंय," वरदा म्हणाली. "संध्याकाळी थोडा वेळ, बस. बिलं बघितलीत का?"

तिचे वडील सुभाष जेवायला वाढत होते. गेल्या वर्षी बायको गेली, तेव्हापासून स्वयंपाक त्यांचाच. वरण-भात साधा होता, पण दही! वाटी उपडी केली असती तरी हललं नसतं. अंबरीशने दोन वाट्या चाटूनपुसून संपवल्या.

"काका, आमच्याकडे दिवाळी झाली की दही लागत नाही. रात्री दूध म्हणून झोपतं, सकाळी दूध म्हणूनच उठतं."

"ऊब लागते हो त्याला," सुभाष खुलून म्हणाले आणि एकदम भात वाढू लागले.

"तुमचं रोज लागतं?" धम्मशीलाने विचारलं.

"रोज. मध्ये आठवडाभर नाही लागलं. वरदा कॉव्हेंट्रीला होती ना, तेव्हा. पोर नसली की दहीसुद्धा रुसतं."

सगळे हसले. धम्मशीला ताटं उचलायला मदत करते म्हणून आत गेली. अंबरीशही मागोमाग गेला. ओट्यावर स्टीलचा डबा पालथा होता, शेजारी त्याला गुंडाळायचा जुना टॉवेल. टॉवेलवर काळा डाग होता. तव्याची काजळी, अंबरीशने स्वतःला सांगितलं.

"नकुलला आणि हरीशला बोलाव," धम्मशीला त्याला म्हणाली. "ते आले की बॉनेट उघड."

सगळे उतारावर गाडीभोवती उभे राहिले. वरदा नकुलकडे पाहत नव्हती.

"हरीशने सगळे भाग बदलले, तरी खोड त्याच जागी राहिली," धम्मशीला म्हणाली. "म्हणजे दोष भागांत नाही. त्या जागी वरून काहीतरी पडतं. इंजिन तापलं की ते वाळतं, म्हणून गॅरेजला पोचेपर्यंत गाडी शहाणी होते. म्हणजे ते पातळ असतं, आणि वाळल्यावर त्याची पपडी धरते. हीटरला आंबूस वास येतो, कारण हीटर बॉनेटजवळचीच हवा ओढतो. आता सांगा, आंबणारं पातळ असं या घरात काय आहे?"

अंबरीशने रुमालाने ओठ पुसले. दोन वाट्या!

"घरात बोटं बधिर होतात, तरी दही घट्ट लागतं. लागलं नाही ते फक्त एक आठवडा, ज्या आठवड्यात गाडी कॉव्हेंट्रीत होती. वरदा संध्याकाळी दमून येते, तेव्हा या घरातली सगळ्यात उबदार वस्तू कोणती?"

हरीशने इंजिनावरचं प्लास्टिकचं झाकण काढलं. उताराच्या बाजूला, बरोबर एक नंबरच्या सिलिंडरवर, पिवळट ओघळ वाळले होते. झाकणावर डब्याच्या बुडाएवढा गोल वळ उमटला होता.

"तू आलीस की तुझी चावी घेऊन डबा तापलेल्या इंजिनावर ठेवायचो मी, झाकण घट्ट लावून," सुभाष हळूच म्हणाले. "सकाळी ओला असायचा. वाटलं, बाहेरच्या बाहेर सांडलं असेल. त्याने गाडी अडेल हे डोक्यातच आलं नाही."

"बाबा, मला सांगायचं ना! मी हीटिंग चालू ठेवलं असतं."

"तू आधीच मरमर काम करतेस. त्यात मी बिल वाढवू?" सुभाष म्हणाले. "आणि विरजण मेलं असतं गं. ते गिरिजाचं आहे. तुझ्या आईने शेवटचं दही लावलं, त्यातलंच रोज चमचाभर काढून पुढे चालवतोय. तू नव्हतीस त्या आठवड्यात जवळजवळ गेलंच होतं. मी दोन रात्री वाटी कुशीत घेऊन झोपलो."

वरदाने तोंडावर हात दाबला. वर्षभर ती रोज ते दही खात होती, घाईघाईत, फोन बघत. ती बापाच्या गळ्यात पडली आणि लहान मुलीसारखी रडली.

मग ती घरात गेली. हीटिंगचा बॉयलर सुरू झाल्याचा घरघराट बाहेरपर्यंत ऐकू आला. परत आली ती थेट नकुलसमोर.

"सॉरी. मी तुला चोर ठरवलं."

"गाडी परत घेऊ का?" नकुलने विचारलं.

"नको. रविवारी येताना घट्ट झाकणाचा डबा आण."

"रविवारी येऊ ना?"

"आईचं विरजण एका घरात ठेवून भागणार नाही," वरदा म्हणाली. "थोडं तुमच्याकडेही लावू. एका घरी गेलं तर दुसऱ्या घरी राहील."

सुभाष आत जाऊन दूध तापवायला लागले.